तांबूस होईपर्यंत धीर धर गं

पाच मिनिटांत कांदा लाल होतो असं सांगणाऱ्या कोणाचंही ऐकू नकोस बघ. व्हिडिओतली बाई कढईत कांदा टाकते, दोनदा उलथणं फिरवते आणि लगेच कांदा असा सुरेख तांबूस! मधली वीस-पंचवीस मिनिटं त्यांनी कापून टाकलेली असतात गं. तू मात्र इकडे घड्याळाकडे बघत बसतेस, कांदा अजून पांढुरका, सासूबाई दारात उभ्या, आणि तुझ्या मनात एकच घोकणं, 'माझ्याच हाताला चव नाही.' खरं सांगू का, हाताला चव असते हे मी नाकारत नाही. पण त्यातला बारा आणे भाग धीर आणि कोरडी कढई असते. उरलेले चार आणे मीठ.

तुझी अडचण मला दिसते आहे. तू कोकणातली, ओल्या नारळाच्या घरातली. लग्न होऊन आलीस ती थेट शिरपूरला, जिथे सुकं खोबरं विस्तवावर काळं करून वाटतात आणि रश्शावर तेलाची तर्री नसेल तर पाहुणा 'पोट भरलंय' म्हणत हात आवरता घेतो. सकाळी करवंद नाक्याकडे नोकरीला पळायचं, संध्याकाळी घरी येऊन रांधायचं. त्यात आखाजी तोंडावर आलेली. आपल्या खानदेशात आखाजी म्हणजे दिवाळीच्या तोडीचा सण, लेकीबाळी माहेरी येणार, म्हणजे तुझ्या दोन्ही नणंदा येणार. त्यात सासऱ्यांचा साखरेचा रिपोर्ट वाढून आलेला. आणि वर कोणीतरी फोनवर पाठवलंय की भाजलेलं, तळलेलं, तांबूस झालेलं सगळं खाल्लं की कॅन्सर होतो. एवढं सगळं एकाच डोक्यात कोंबलंस तर डोकं दुखणारच ना? एकेक सुटं करू. गंमत अशी आहे की ह्या सगळ्याच्या मुळाशी एकच गोष्ट आहे, हो, त्या रिपोर्टाच्यासुद्धा. मी बीएस्सीला रसायनशास्त्र घेतलं होतं, त्याचा आजवर झालेला सगळ्यात मोठा उपयोग हाच.

अन्न भाजताना तांबूस होतं आणि खमंग वास सुटतो, त्यामागे साखर आणि अमिनो आम्लं यांची भेट असते. तिला मायार अभिक्रिया म्हणतात. लुई-कमिल मायार नावाचा एक फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ होता, शिक्षणाने डॉक्टर. त्याला स्वयंपाकाशी काही देणंघेणं नव्हतं. शरीरात प्रथिनं कशी तयार होतात ते त्याला शोधायचं होतं. त्याने अमिनो आम्लं आणि साखर एकत्र तापवली, आणि मिश्रण पिवळं होत होत तपकिरी झालं. १९१२ साली त्याने हे जाहीर केलं. त्यानंतर बराच काळ स्वयंपाकाच्या बाजूने त्याकडे फारसं कोणी पाहिलं नाही. पुढे १९५३ साली जॉन हॉज नावाच्या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने, इलिनॉय राज्यात पिओरिया इथल्या सरकारी शेती प्रयोगशाळेत काम करताना, ह्या अभिक्रियेच्या पायऱ्या नीट मांडल्या. आजही त्याच पायऱ्या शिकवतात.

पायऱ्या ऐकून घाबरू नकोस, मी परीक्षा घेणार नाहीये. प्रथिनं म्हणजे अमिनो आम्लांच्या लांब माळा. डाळीत, पिठात, दुधात, शेंगदाण्यात त्या असतातच, आणि काही अमिनो आम्लं सुटीही असतात. उष्णता मिळाली की साखरेच्या रेणूचं एक टोक अमिनो आम्लातल्या नायट्रोजनला धरतं. त्यात पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो. जोडी जमली की आतल्या आत अणूंच्या जागा बदलतात, आणि मग ती जोडी फुटायला लागते. फुटलेले तुकडे पुन्हा एकमेकांना धरतात, पुन्हा फुटतात. आपल्या गल्लीत सकाळी एका ओट्यावर निघालेली बातमी संध्याकाळपर्यंत चौदा रूपांत फिरते ना, अगदी तसं. त्यातून शेकडो पदार्थ तयार होतात. काही हलके असतात, ते उडतात, तोच आपल्याला येणारा वास. भाजलेल्या शेंगदाण्याचा जो वास आहे ना, त्यात पायराझिन नावाच्या पदार्थांचा मोठा वाटा आहे. काही जड होत जातात, ते तपकिरी रंगाचे, त्यांना मेलानॉइडिन म्हणतात. अमिनो आम्ल बदललं की वास बदलतो. म्हणून बेसन भाजलं तर बेसनाचा वास, रवा भाजला तर रव्याचा. मक्याच्या लाह्या फुटताना जो गोडसर वास येतो आणि आंबेमोहोर तांदूळ शिजताना जो येतो, त्या दोन्हींत एक सुगंधी रेणू सारखा आहे. लाह्यांमध्ये तो उष्णतेने होतो, तांदळात ते रोपच शेतात उभं असताना बनवतं.

आता बघ, सगळ्या साखरा काही ह्या कामाच्या नाहीत. डब्यातली पांढरी साखर तशी आळशी. ती आधी फुटून तिचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज व्हावं लागतं, मगच ती ह्या खेळात उतरते. कांद्यात ग्लुकोज, फ्रुक्टोज आयतं असतं, दुधात दुधाची साखर असते, गुळात थोडी फुटलेली साखर असतेच. आणि साखर एकटीच पातेल्यात घालून वितळवून तपकिरी केलीस, कॅरमल म्हणतात ते, तर ती वेगळी गोष्ट. त्यात प्रथिनांचं काही काम नसतं आणि उष्णताही जास्त लागते. चिरलेलं वांगं किंवा सफरचंद ताटात काळं पडतं, तेही वेगळं. तिथे विस्तवाचा संबंध नाही, ते वांग्यातल्या एका विकराचं आणि हवेचं काम. मिठाच्या पाण्यात टाकलंस की थांबतं.

मुख्य मुद्दा पाण्याचा आहे, आणि तो समजला तर तुझा अर्धा स्वयंपाक सुटेल. पदार्थात पाणी आहे तोवर त्याचं तापमान शंभर अंशाच्या वर जात नाही, कितीही मोठा गॅस केलास तरी. आणि ही तांबूस होण्याची क्रिया जोमात येते साधारण एकशेचाळीस अंशांच्या आसपास. म्हणजे आधी पाणी जाणार, मग रंग येणार. मधे कुठलाही आडरस्ता नाही.

ह्याचा आपल्याकडचा पुरावा म्हणजे बट्टी. गव्हाचं जाडसर पीठ, ओवा, हळद, मीठ, तेलाचं मोहन, सगळं एकच. गोळे आधी वाफवतो तेव्हा ते कसे दिसतात? फिकट, बुळबुळीत, चेहरा पडलेल्या माणसासारखे नव्हे गं, उपमा नकोच, नुसते पांढुरके. वास कसला, तर ओल्या कणकेचा. तेच कापून तुपात सोडले की तांबूस, खरपूस, आणि शेजारच्या घरापर्यंत वास. पीठ बदललं नाही, मसाला बदललेला नाही. वाफेत शंभर अंश होते, तुपात एकशेसत्तर-ऐंशी. डाळीच्या फुनक्यांचंही तेच. वाफवलेले फुनके कधी लाल झालेले पाहिलेस का? म्हणून बट्टी वाफवल्यावर लगेच कढईत ढकलू नकोस. कापून परातीत पसर, पंख्याखाली वरचं पाणी सुकू दे. ओली बट्टी तेलात गेली की आधी ते पाणी उडवण्यात तेल थंड होतं, बट्टी तेल पिते आणि रंग येईपर्यंत आतून वातड होते.

आणि बट्टीवर लाल-लाल ठिपके दिसले तर दचकू नकोस. तो जळल्याचा रंग नाही. पिठात सोडा नीट मिसळला नाही की जिथे सोड्याचा कण राहतो तिथे हळद लाल होते. हळदीला खार लागला की ती लाल होतेच, हळदीचं कुंकू त्यावरच तर होतं. माझ्या पहिल्या बट्ट्यांवर असे ठिपके आले तेव्हा मी त्या 'काहीतरी बिघडलं' म्हणून गाईपुढे ठेवल्या. गाय फार खूश झाली, सासूबाई तितक्याशा नाही.

सोड्याचा विषय निघालाच आहे तर सांगते. खारामुळे तांबूस होण्याची क्रिया वेगाने होते. बाहेरची भजी बघ, झटकन लालभडक होतात आणि आत पीठ कच्चं. सोडा जास्त पडलेला असतो. कांद्यात चिमूटभर सोडा टाकला की तो लवकर लाल होतो असं तुला कोणी सांगितलंच असेल. होतो, खरं आहे. पण त्याचा लगदाही होतो आणि मागे साबणासारखी चव राहते. रोजच्या भाजीत ही युक्ती मला पसंत नाही. तू करू नकोस.

मग काय करायचं? कढई रुंद घे, लोखंडाची असली तर उत्तम, कारण ती उष्णता धरून ठेवते. एका वेळी कांद्याचा डोंगर घालू नकोस. डोंगर घातला की खालचा कांदा वरच्याच्या पाण्यात उकडतो. झाकण ठेवायचं नाही. सुरुवातीला थोडं मीठ घाल, त्याने कांद्यातलं पाणी लवकर बाहेर येतं. ते उडेपर्यंत आच मध्यम ठेव, आणि कांदा आक्रसायला लागला, चर्रर्र आवाजाचा सूर बदलला, की आच कमी कर. आवाज ऐकायला शीक गं. पाणी असतं तोवर आवाज भरभर, ओलसर येतो. पाणी गेलं की तो बारीक, कोरडा होतो. तिथून पुढे पाच मिनिटांत रंग येतो, आणि आणखी दोन मिनिटांत जळतोही. म्हणजे वीस मिनिटं तू मोकळी आहेस, चपात्यांची कणीक मळ, पोराचा अभ्यास घे. शेवटची सात मिनिटं मात्र कढईपाशी उभी राहा. फोन ओट्यावर नको, आतल्या खोलीत ठेव.

'तेल सुटेपर्यंत परत' असं सासूबाई म्हणतात, त्याचाही अर्थ हाच. वाटणातलं पाणी उडालं की तेल वेगळं दिसायला लागतं. तेल सुटलं म्हणजे आता ह्याच्यापुढे भाजणं सुरू होणार. त्याआधीच पाणी ओतलंस तर मसाला कच्चा राहतो, मग शेवभाजीला कितीही तिखट घाल, ती नुसती झणझणते, खमंग लागत नाही. त्यांना हे रसायन माहीत नाही, पण डोळ्याने बरोबर तोच क्षण पकडतात. म्हणून त्या दारात उभ्या राहिल्या तर राग मानू नकोस. उलट आत बोलाव, 'आता बघा हो आई, झालं का?' असं विचार. दोन दिवसांत त्या दारातून ओट्यावर येतील, आणि मग तुझं निम्मं काम त्याच करतील. हे मात्र रसायनशास्त्रात नव्हतं, हे मी संसारात शिकले.

काळ्या मसाल्यासाठी खोबरं भाजशील तेव्हा उलट काळजी. कांद्यात पाणी फार, म्हणून वेळ लागतो. सुक्या खोबऱ्यात पाणी जवळजवळ नाहीच आणि तेल भरपूर, म्हणून ते डोळा चुकवून जळतं. तुकडे करून मंद आचेवर भाज, आणि हवा त्यापेक्षा एक छटा फिकट असतानाच उतरव. गरम कढईत ते पुढेही भाजत राहतं, त्यामुळे लगेच ताटात काढ. धणे, तीळ, दगडफूल सगळं वेगवेगळं भाजायचं, कारण प्रत्येकाची वेळ वेगळी. सगळं एकत्र टाकलंस की तीळ जळतात आणि धणे कच्चे. जुन्या बायका कांदा आणि खोबऱ्याची वाटी सरळ निखाऱ्यावर टाकतात. वरचा भाग कोळसा होतो, आतला गोड आणि मऊ. त्या काळ्यातला थोडासा भाग वाटणात जातो, म्हणून रस्सा काळपट आणि धुरकट. थोडासा म्हटलं बघ. सगळाच घातलास तर कडू. तांबूस रंगापर्यंत चव वाढत जाते, काळ्याच्या पुढे फक्त कडवटपणा वाढतो. 'जळी गयं व माय!' असं ओरडायची वेळ आली तर त्यात गूळ घालून सावरत बसू नकोस, टाकून दे. पाव किलो खोबरं गेलं तर गेलं, वर्षभराचा मसाला कडू करण्यापेक्षा बरं. आणि हे काम वैशाखातल्या दुपारी काढू नकोस बाई, पहाटे काढ. शिरपूरच्या उन्हात चुलीपाशी तूच भाजून निघशील.

भरताचं मात्र वेगळं आहे. जळगावच्या भरताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते हिरवं, मोठं वांगं तुला आता बाजारात ओळखता येतं ना? ते काट्यांवर किंवा तुराट्यांवर भाजतात तेव्हा साल जळतं, पण आतला गर स्वतःच्याच पाण्यात वाफवला जातो. साल आपण काढून टाकतो. म्हणजे भरताची चव ही बरीचशी धुराची चव आहे, तांबूसपणाची कमी. म्हणून गॅसवर भाजलेलं भरीत तुला तसं लागत नाही. त्यात तुझी काही चूक नाही, काड्यांचा धूर गॅसच्या शेगडीत येणार कुठून? सोबतच्या कळण्याच्या भाकरीवर मात्र रंगाचं काम आहे. ज्वारीत उडीद असतात, डाळीची प्रथिनं मिळाली की भाकरीच्या डागांना छान खरपूस वास येतो. भाकरी तव्यावर टाकल्यावर वरून पाणी फिरवतो, ते ओलं असेतोवर ती बाजू रंग धरत नाही. म्हणून पाणी सुकलं की लगेच उलट, आणि शेवटी विस्तवाला लाव.

दुधाचं सांगते, कारण बासुंदीच्या वेळी तू रडकुंडीला आली होतीस. दूध तर शंभर अंशांवरच उकळतं, मग बासुंदी गुलाबी-तांबूस कशी होते? कारण एकशेचाळीस ही काही लक्ष्मणरेषा नाही. उष्णता कमी असेल तर वेळ जास्त लागतो, एवढंच. दुधात साखरही आहे आणि प्रथिनंही, तासभर मंद आटत ठेवलं की रंग येतोच. मोठ्या आचेवर दहा मिनिटांत रंग आणायला गेलीस, तर तळाला थर लागतो, तो जळतो आणि सगळ्या दुधाला वास लागतो. पावसाळ्यात डब्यातला गूळ काळपटतो आणि दुधाची पावडर जुनी झाली की पिवळी पडते, त्यातही हीच क्रिया. चूल नसतानाही ती महिनोन्‌महिने सावकाश चालू असते.

आता तो मेसेज. त्यातलं सगळंच खोटं नाही, म्हणून नीट सांगते. २००२ साली स्वीडनमधल्या शास्त्रज्ञांना तळलेल्या-भाजलेल्या बटाट्यात आणि धान्याच्या पदार्थांत अॅक्रिलामाइड नावाचा पदार्थ सापडला. अॅस्परॅजिन नावाचं एक अमिनो आम्ल आणि साखर, साधारण एकशेवीस अंशांच्या वर एकत्र आली की तो तयार होतो. म्हणजे ह्याच कुटुंबातला एक नतद्रष्ट भाऊ. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने १९९४ सालीच त्याला 'माणसात बहुधा कर्करोगकारक' ह्या गटात टाकलेलं होतं, मुख्यतः प्राण्यांवरच्या प्रयोगांवरून. माणसांच्या आहाराचे जे अभ्यास झाले त्यांतून मात्र ठाम, एकसारखं उत्तर आलेलं नाही. म्हणून घाबरून भाकरी सोडायची गरज नाही, आणि अगदी बिनधास्त होऊन रोज काळेकुट्ट बटाट्याचे काप खायचीही नाही. उकडलेल्या, वाफवलेल्या पदार्थांत हा प्रश्न येतच नाही. वरण, खिचडी, फुनके, उकडलेल्या शेंगा, आपलं रोजचं निम्मं ताट तेच आहे. आणि खरं सांगू का, तंबाखूच्या धुरातही हाच अॅक्रिलामाइड असतो, चांगला भरपूर. तेव्हा हा मेसेज ज्यांनी पाठवला ते काका संध्याकाळी ओट्यावर बसून बिडी ओढतात ना, त्यांना माझा निरोप सांग.

बटाट्याचे काप करायचे असतील तर आधी पाण्यात भिजव, दोनदा पाणी बदल, वरची साखर धुऊन जाते. मग पुसून कोरडे कर आणि सोनेरी झाले की काढ, तपकिरी होऊ देऊ नकोस. फ्रिजमध्ये ठेवलेले बटाटे तळायला घेऊ नकोस. थंडीत बटाट्यातल्या पिठूळ भागाची साखर होते आणि काप बघता बघता काळे पडतात. भाजीला ते चालतात. केळीच्या वेफरचंही हेच गणित. तापीकाठच्या एवढ्या केळीबागा आपल्या आजूबाजूला, पण वेफर कच्च्या केळ्याचेच का करतात? कच्च्या केळ्यात स्टार्च असतो, साखर नावापुरती, म्हणून वेफर पिवळेधमक राहतात. केळं जरा गदरलं की स्टार्चची साखर व्हायला लागते आणि वेफर तेलात पडताक्षणी डागाळतात. तुझे मागचे वेफर तपकिरी झाले त्यात तेलाचा किंवा तुझा दोष नव्हता गं, केळी दोन दिवस जास्त घरात राहिली होती.

आणि सासऱ्यांचा रिपोर्ट. हे वाचताना जरा सावकाश वाच. एचबीए१सी म्हणजे काय, तर रक्तातल्या लाल पेशींत हिमोग्लोबिन नावाचं प्रथिन असतं आणि रक्तात साखर असते. साखर आणि प्रथिन म्हटलं की तू आता ओळखलंस ना? कढईत होतं त्याची पहिली पायरी अंगातही होते, सदतीस अंशांवर, अतिशय सावकाश. साखर हिमोग्लोबिनला चिकटते आणि तिथेच राहते. रक्तात साखर जास्त, तर चिकटलेलं हिमोग्लोबिन जास्त. सॅम्युएल राहबर ह्या इराणी शास्त्रज्ञाने १९६८ साली मधुमेही रुग्णांच्या रक्तात हे वेगळं हिमोग्लोबिन दाखवलं, आणि पुढे त्यावरून ही तपासणी आली. लाल पेशी साधारण एकशेवीस दिवस जगते, म्हणून हा आकडा गेल्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब सांगतो. तपासणीच्या आधी दोन दिवस गोड बंद करून डॉक्टरांना फसवता येत नाही. साडेसहा टक्के किंवा त्यावर गेलं तर मधुमेह धरतात, आणि बऱ्याच रुग्णांसाठी सातच्या आत ठेवायचं बघतात. सासऱ्यांसाठी नेमकं किती, हे त्यांचे डॉक्टर वयावरून, बाकी दुखण्यांवरून ठरवतील, तू किंवा मी नाही.

एक गोष्ट मात्र नक्की विचार. आपल्या धुळे-नंदुरबार पट्ट्यात, सातपुड्याच्या पायथ्याला, सिकलसेल असणारी कुटुंबं बरीच आहेत. सिकलसेल असेल किंवा अंगात रक्त फार कमी असेल तर पेशींचं आयुष्य बदलतं आणि हा आकडा चुकीचा येऊ शकतो. तुझ्या घरात तसं काही नसेलही, पण कामाला येणाऱ्या बाईच्या नवऱ्याचा रिपोर्ट तूच वाचून दाखवतेस म्हणालीस ना, तिला नक्की सांग की डॉक्टरांशी सिकलसेलबद्दल बोल.

आणि हो, बट्टी तांबूस केली म्हणून सासऱ्यांचं एचबीए१सी वाढत नाही. ते वाढतं रक्तातल्या साखरेने. म्हणजे बट्टीचा रंग नाही, बट्ट्या किती, हे मोजायचं. दोन बट्ट्या, भरपूर वरण, वांग्याची भाजी, आणि आमरसाची वाटी अर्धी. त्यांना एकट्याला वेगळं पथ्याचं ताट वाढू नकोस, सणासुदीला माणूस हिरमुसतो. सगळ्यांच्याच वाट्या लहान काढ. तुझ्याकडे त्या लग्नातल्या स्टीलच्या छोट्या वाट्या आहेत, त्याच वापर. कुणाला कळणारही नाही.

आता राहिले मांडे. त्याच्याच भीतीने तुला झोप लागत नाही ना? पालथ्या खापरावर, हातावर झेलून मोठी केलेली पुरणपोळी, तेलाचा थेंब न लावता भाजायची, हे काम एका वर्षात कोणालाही येत नाही. खापर फार तापलं की पोळी आत कच्ची राहून वर डाग काळे पडतात. कमी तापलं की ती वाळते, कडक होते, रंग येत नाही. आणि कुठे फाटली तर पुरण खापराला लागतं. त्यात गूळही आहे, डाळीची प्रथिनंही आहेत, ते क्षणात काळं होणारच. म्हणून तुझ्या हातात जे आहे तेवढं कर. पुरण कोरडं होईपर्यंत आटव, पातळ पुरणाने पोळी फाटते. कणीक सकाळीच भिजव आणि भरपूर तिंबून ठेव. चुलीत लाकडं बारीक घाल, म्हणजे आच एकसारखी लागेल. आणि खापरापाशी थोरल्या नणंदेला बसव. तिला माहेरी आल्यावर कौतुक हवं असतं आणि तुला मांडे, दोघींचं काम होतंय. तू बाजूला बसून बघ, ती पोळी कोणत्या रंगावर उचलते ते. पुढच्या आखाजीला पहिला मांडा तू टाक, बाकीचे तिला टाकू दे.